मशीनच्या जाणिवेला अख्खं पान, म्हशीला दोन ओळी

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत 'कॉम्प्युटरला जाणीव आली का' यावर तुम्ही अख्खं पान दिलंत आणि जनावरांचा विषय शेवटच्या दोन ओळींत उरकलात, त्यातही 'प्राण्यांनाही काही प्रमाणात भावना असाव्यात' असं. असाव्यात म्हणजे काय हो? ज्यानं गोठ्यात एक पहाट काढलीय तो असं लिहिणार नाही.

आमच्या थोरल्या वैनींच्या म्हशीचं रेडकू गेलं तेव्हा तिनं पान्हाच सोडला नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून रेडकाच्या कातड्यात पिंजर भरून तिच्या पुढ्यात उभं केलं. काही दिवस ती ते चाटत राहिली, दूधही दिलं, आणि एका सकाळी त्याच्या कानापाशी नाक लावून बराच वेळ हुंगलं, फुस्कन श्वास सोडला अन् तोंड फिरवलं ते फिरवलंच. वैनी म्हणाल्या, "तिला कळलंय की भावजी, आता उगं फसवू नका." मी ते उचलून मागं ठेवून आलो.

तुमच्या लेखकानं आरशाच्या टेस्टचं एवढं कौतुक केलंय म्हणून हे सांगितलं. 1970 मध्ये मानसशास्त्रज्ञ गॅलप यांनी चिंपांझींच्या चेहऱ्यावर रंग लावून त्यांना आरसा दाखवला; आरशात बघून स्वतःवरचा रंग चाचपला तर जनावर स्वतःला ओळखतं, म्हणजे पास. पुढं हत्ती, मॅगपाय पक्षी आणि एक बोटभर लांबीचा मासासुद्धा त्यात पास झाला, कुत्री नापास. पण कुत्र्याचं जग चालतं नाकावर, त्याला आरसा दाखवून काय उपयोग? 2017 मध्ये कुत्र्यांवर संशोधन करणाऱ्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी कुत्र्यांना त्यांच्याच लघवीचा वास दिला आणि त्यात दुसरा वास मिसळूनही दिला, तर मिसळलेला वास ती जास्त वेळ हुंगत राहिली, म्हणजे आपला वास कुठला हे त्यांना ओळखू येतं असं दिसतं. हे त्या पानात कुठंच नाही. 2012 ला केंब्रिजमध्ये आणि 2024 ला न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांनी सह्या करून जाहीर केलंय की सस्तन प्राणी आणि पक्षी यांना जाणीव असण्याला भक्कम आधार आहे. ब्रिटननं 2022 च्या प्राण्यांच्या जाणिवेच्या कायद्यात खेकडा आणि ऑक्टोपससुद्धा घेतले. आणि आपल्याकडं 1960 च्या कायद्यात जनावराला छळलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, अजून तोच! यावर लेख हवा होता.

आता मशीनचं बघा. वैनींची ती म्हैस पावसाळ्यात गेली. विमा होता, पण कानातला ओळखीचा बारा आकडी टॅग कुंपणात अडकून कधीचाच तुटला होता आणि कंपनीचं म्हणणं टॅग नाही तर क्लेम नाही. माणूस फोनवर येईनाच, म्हणून वैनींनी माझ्याकडं मोबाईल दिला आणि मी कंपनीच्या चॅटवर, जिथं मशीनच उत्तर देतं, लिहीत बसलो. तिथून उत्तर आलं, 'आपलं दुःख मी समजू शकते, टॅगचा फोटो अपलोड करा.' टॅग नाही म्हणून परत लिहिलं, परत तेच, आधी दुःख समजलं आणि मग फोटो. शेजारी दुसरी म्हैस दावणीला वैरण न खाता दाराकडं बघून रेकत होती. तिला 'दुःख' हा शब्द लिहिता येत नाही म्हणून तिच्या वाट्याला दोन ओळी, आणि ज्याला लिहिता येतं त्याच्यावर तुम्ही पानभर चर्चा करताय याचाच मला राग आलाय.

2022 मध्ये गूगलच्या एका इंजिनियरनं तिथल्या लॅम्डा या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रामला जाणीव आहे असं सांगितलं, त्याची नोकरी गेली, हे तुमच्या लेखात आहे. पण 1966 चा एलिझा प्रोग्राम नाही. तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा आणि तेवढ्यावर लोक त्याच्यापाशी मन मोकळं करायचे. आताचे प्रोग्राम माणसांनीच लिहिलेल्या ढीगभर मजकुरावर शिकवलेले असतात, तेव्हा 'मला वाईट वाटतं' हे वाक्य तिथं येणारच, त्यावरून आत काही वाटतंय हे सिद्ध होत नाही. उद्या मशीनला खरंच जाणीव आली तर तिचाही विचार करावा लागेल, माझी ना नाही. पण ज्यांना आत्ता दुखतंय हे आपल्याला माहीत आहे त्यांना रांगेत मागं उभं करून नको.

आणखी एक. त्या चॅटनं माझ्याशी निदान मराठीत बोलायचं सौजन्य दाखवलं. विम्याचा छापील फॉर्म मात्र कन्नड आणि इंग्रजीत, जमिनीच्या उताऱ्याचं तर विचारूच नका. खानापूर-बेळगावातल्या आमच्या मराठी माणसांना स्वतःच्या जनावराच्या मृत्यूचा कागदसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, वैनींनी न कळलेल्या मजकुराखाली सही केली. कॉम्प्युटरला मराठी येतं तर ऑफिसला का येऊ नये, हेही एकदा छापा.

पुढच्या रविवारी आपल्या भागातल्या एखाद्या गुरांच्या डॉक्टरांना त्याच पानावर लिहायला सांगा, आणि सोबत टॅग तुटला तर क्लेमसाठी कुठं अर्ज करायचा त्याचा नमुना मराठीत द्या. वैनींचा क्लेम अजून अडकलेलाच आहे.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका