आल्याच्या बिअरचे दोष ओळखायला शिकवणाऱ्या काकांस

सोलापूर

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये असे आपण बजावले होते, म्हणून ते या पत्रात नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात आपण जी मदत केलीत ती चारचौघांत सांगितल्यावाचून मला राहवत नाही, कारण घरी आल्याची बिअर करू पाहणारे आणि चव बिघडली की साखर व लिंबू वाढवत बसणारे लोक आपल्या गावात आता बरेच झाले आहेत.

नावात बिअर असली तरी हे पेय म्हणजे आले, साखर, लिंबू आणि चिमूटभर यीस्ट यांचे फसफसणारे सरबत आहे, हे आधी सांगितलेले बरे. आपली उभी हयात बिअरच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत गेली. तरीही जवाची बिअर घरी करण्याविषयी मी विचारले, तेव्हा १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, एवढेच बोलून आपण तो विषय मिटवलात. यीस्ट वायूबरोबर थोडा मद्यार्क तयार करतेच, तेव्हा बाटली कडक झाली की तिने फ्रिजमध्ये गेलेच पाहिजे, ही ताकीदही आपण तेव्हाच दिलीत. बाटली कडक झाली की नाही हे बोटांनी दाबून कळावे म्हणून काचेऐवजी सोड्याची प्लास्टिकची बाटली घ्यायची, हे त्याच ताकिदीचे शेपूट.

मी नेलेले पेय आपण लगेच ओठाला लावले नाहीत. पेल्यात तिसरा हिस्साच ओतून त्यावर बशी झाकलीत, पेला दोन्ही तळव्यांत धरून थोडा कोमट होऊ दिलात, मग बशी सरकवून एकच आखूड श्वास घेतलात आणि विचारलेत, "नळाला पाणी आज आले होते का?" मी आल्याच्या प्रतीविषयी बोलायच्या तयारीने आले होते. सातारी आले घ्यावे की साधे, यावर घरात चर्चा झडली होती, आणि आपण नळाचे विचारत होतात.

त्या प्रश्नामागचे कारण आपण ज्या शांतपणे समजावलेत, त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. उजनी धरणाचे पाणी आपल्याकडे काही दिवसांआड येते आणि येते तेव्हा त्यात क्लोरीन असतो. हा क्लोरीन आले आणि यीस्ट यांच्यातील फिनॉल जातीच्या द्रव्यांशी जुळला की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि ते अब्जात काही भाग इतके अत्यल्प असले तरी नाकाला दवाखान्याचा वास येतो. घरच्यांनी "औषध लागते आहे" असे म्हटले होते ते अक्षरशः बरोबर होते. ब्लीचच्या पाण्याने धुतलेली बाटली नीट खळखळून घेतली नाही तरी हाच वास येतो, हेही आपण जोडलेत. उपाय सोपा निघाला. पाणी उघड्या पातेल्यात वीसेक मिनिटे उकळायचे, म्हणजे क्लोरीन उडून जातो आणि बोअरच्या जड पाण्यातील खारही पांढऱ्या थराच्या रूपाने तळाशी बसतो. हा खार लिंबाची आंबटाई मारत असल्यामुळे तसे पेय कितीही लिंबू पिळले तरी सपक लागते.

मात्र उकळलेले पाणी वापरल्याबरोबर मला सगळेच बदलायचे होते, आणि तिथे आपण मला अडवलेत. एका खेपेला एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे होते तसेच ठेवायचे आणि दोन्ही पेले शेजारी ठेवून वास घ्यायचा, हा आपला दंडक प्रथम मला जाचक वाटला. पुढचे सगळे दोष त्याच दंडकाने सुटले.

औषधाचा वास गेल्यावर त्याच्याखाली दडलेला कुजक्या अंड्याचा वास वर आला. नुसत्या पांढऱ्या साखरेवर यीस्टची उपासमार होते, त्याला नत्र मिळत नाही आणि मग ते हायड्रोजन सल्फाइड सोडते, असे आपण म्हणालात. मूठभर बेदाणे टाकावेत हा सर्वत्र ऐकू येणारा सल्ला आपण हसून बाजूला सारलात, कारण त्यातून मिळणारे पोषण फार थोडे असते. त्याऐवजी पावाचे अर्धा चमचा यीस्ट पाण्यात उकळून पूर्ण मारायचे आणि ते गार झाल्यावर जिवंत यीस्टला खाऊ घालायचे, हा आपला उपाय ऐकून आमच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण वास गेला.

नेलपॉलिशसारखा झणझणीत वास राहिला होता, तो उष्णतेचा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, आणि यीस्टला नेटके काम करायला वीस ते चोवीस अंश पुरतात. त्याहून फार वर ते घाईने आंबवते आणि नको ते एस्टर (उग्र वासाची द्रव्ये) व जड अल्कोहोल मागे ठेवते. बाटल्या पाण्याच्या घमेल्यात उभ्या करून त्यांना ओले गोणपाट गुंडाळायचे आणि घमेले वाऱ्याच्या झोतात ठेवायचे, ही आपली युक्ती सोलापूरच्या कोरड्या हवेत चांगली लागू पडते. मुंबईच्या दमट हवेत तिचा एवढा उपयोग झाला नसता, असेही आपण म्हणाला होतात.

आल्याच्या तिखटपणाविषयी आपण सांगितलेले तर मी आता स्वयंपाकातही वापरते. ताज्या आल्यातले जिंजरॉल शिजवले की सौम्य, गोडसर झिंजरोन बनते आणि वाळवले की जास्त तिखट शोगॉल बनते, म्हणून सुंठ झोंबते. तेव्हापासून निम्मे आले उकळते आणि निम्म्याचा कच्चा रस पाणी गार झाल्यावर घालते. घशाला चटका आणि नाकाला सुगंध, दोन्ही मिळतात.

मधूनमधून आपण कारखान्यातील गोष्टी सांगत होतात, त्याही माझ्या वहीत आहेत. जवाच्या बिअरला लोण्याचा वास आला तर डायॲसिटिल, कच्च्या हिरव्या सफरचंदाचा आला तर ॲसिटाल्डिहाइड, उकडलेल्या मक्याचा आला तर डायमिथिल सल्फाइड, ओल्या पुठ्ठ्याचा आला तर हवेशी झालेला संपर्क. उन्हाने बिअर बिघडते ती तिच्यातील हॉप्समुळे (कडवटपणासाठी घालतात त्या वेलीच्या फुलांमुळे), आणि आपल्या पेयात हॉप्स नसल्याने तपकिरी बाटल्या शोधत फिरू नकोस, या एका वाक्याने माझे पैसे वाचवलेत.

आंबटपणाबाबत मात्र आपण मला मोकळे सोडलेत. हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८९२ मध्ये इंग्लंडमधील आल्याच्या बिअरचे विरजण तपासले, तेव्हा त्यात यीस्ट आणि जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहताना आढळले होते; तेव्हा थोडी आंबटाई हा त्या पेयाचा स्वभावच आहे, व्हिनेगरचा वास आला तरच चिलटांवर आणि उघड्या बरणीवर संशय घ्यायचा, असे आपले मत होते. मलाही ते पटले आहे.

सध्या एकच तक्रार शिल्लक आहे. घोट गिळल्यावर जिभेच्या मागे किंचित कडवटपणा राहतो. माझा संशय लिंबाच्या सालीखालच्या पांढऱ्या भागावर आहे, म्हणून या वेळी एका बाटलीत सालीसकट आणि दुसरीत नुसता रस घातला आहे, बाकी सारे एकसारखे. येत्या रविवारी दोन्ही बाटल्या चिठ्ठी न लावता घेऊन येते. कोणती कोणती ते आपण वासावरून सांगावे.

आपली कृतज्ञ,
मागच्या गल्लीतील विद्यार्थिनी