नाट्यगृहाच्या भिंती सरसकट मढवू नका

महोदय,

नाट्यगृहाचे नूतनीकरण निघाले की निविदेत नव्या खुर्च्या, वातानुकूलन आणि ‘अकूस्टिक पॅनेल’ (आवाज शोषणारे तक्ते) हमखास असतात. पॅनेल कुठे, किती चौरस मीटर आणि कशासाठी, याचा मात्र पत्ता नसतो. मग ठेकेदार सगळ्याच भिंती कापडाने मढवून मोकळा होतो आणि मागच्या रांगांना वाक्यांचे शेवट ऐकू येईनासे होतात.

हिशेब अवघड नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात गाद्या ठेवून-काढून १८९०च्या दशकात तो बसवला. सभागृहाचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण ध्वनिशोषण, की घुमारा विरायला लागणारे सेकंद निघतात. हजार आसनांचे, ४,५०० घनमीटरचे नाट्यगृह घ्या. गद्य नाटकाला घुमारा साधारण एक सेकंद हवा, म्हणजे शोषण ७२५ चौरस मीटर, अर्थात सगळा आवाज गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतके. गादीच्या खुर्चीत बसलेला प्रेक्षक त्यातले जवळपास अर्धा चौरस मीटर एकटाच भरून काढतो. हाउसफुल्लला ५०० तिथेच जमा! उरलेले सव्वादोनशे पडदे, विंगा, गालिचा आणि मागची भिंत यांतच संपतात.

शिवाय बाजूच्या भिंतींना दुसरे काम आहे. थेट आवाजामागोमाग ३०-५० मिलिसेकंदांत परतलेला आवाज कानाला वेगळा जाणवत नाही, संवादाला बळ देतो. म्हणून रंगमंचाजवळच्या भिंती आणि छताचा पुढचा भाग कडक, जड हवा. जिप्सम बोर्डाचे दोन थर चालतात. तिथे मऊ टाइल्सचे फॉल्स सीलिंग लावणे म्हणजे मागच्या रांगांचा वाटा वरच्यावर गिळणे.

शोषक थर मागच्या भिंतीला द्या. तिथून सतरा मीटरहून जास्त फेरा घेऊन परतलेले वाक्य पुढच्यांना दोनदा ऐकू येऊ लागते. भिंत आतून गोलाकार असेल तर ते आणखी बोचते, कारण ती आवाज एका जागी गोळा करते. पातळ गालिचा चिकटवून भागत नाही: तो ‘स’, ‘श’ खातो, डग्ग्याचा घुमारा तसाच सोडतो. ५० मिमी ग्लासवूल आणि मागे तेवढीच पोकळी हवी.

व्हिएन्नाच्या म्युझिकफेरआइन या संगीतसभागृहातला दोनेक सेकंदांचा घुमारा वाद्यवृंदाला शोभतो. आपल्या संवादांचा त्यात चिखल होईल. तेव्हा परदेशी सभागृहांचे फोटो दाखवणाऱ्यांना आधी घनफळ विचारावे.

निविदेत एक अट घालावी: शेवटचे बिल देण्यापूर्वी १२५, ५०० आणि १,००० हर्ट्झला घुमारा मोजून घ्यायचा, आणि वातानुकूलन चालू ठेवून मंचावरचे माइकविना वाचन शेवटच्या रांगेत, बाल्कनीच्या खाली बसून ऐकायचे.

— एक ध्वनितंत्रज्ञ, पुणे