ऑइल गळतंय म्हणून लगेच इंजिन उतरवू नका

संपादक महोदय,

पावसाळ्याआधी गाडीची काळजी कशी घ्यायची यावर आपल्या पुरवणीत लेख आला होता, चांगला होता, टायर वायपर ब्रेक सगळं आलं, पण जुन्या गाडीच्या ऑइल गळतीबद्दल एकच वाक्य की मेकॅनिकला दाखवा. आता दाखवल्यावर काय होतं ते जुनी गाडी वापरणाऱ्यांना विचारा! तो बोनेट उघडतो, खाली वाकून बघतो आणि सांगतो, साहेब इंजिनचं काम निघालंय.

आमच्याकडे कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे, अजून चालू आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ऑइल टपकायला लागलं तेव्हा एका गॅरेजवाल्याने क्रँकचं मागचं सील (फिरत्या शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रिंग) गेलंय असं सांगून टाकलं. सील स्वस्तच असतं हो, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेटपण टाकून घ्या म्हणतात, बिल तिथं चढतं. दुसऱ्या वयस्कर मिस्त्रीने आधी इंजिन धुवून घेतलं, एक फेरी मारून आणायला लावली आणि मग टॉर्च घेऊन बघितलं तर ऑइल येत होतं वरून, डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना करंट वाटतो तो) ओ-रिंगमधून, आणि गिअरबॉक्सवर उतरून खाली बरोबर मागच्या सीलपाशी थेंब पडत होता. एवढीशी रबरी रिंग बदलली, काम झालं.

टपकतंय तिथूनच गळतंय असं धरून चालायचं नाही. ऑइल वरून ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून खालचा भाग सगळाच काळा दिसतो. सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा कुठली ते बघायचं, पण त्यासाठी आधी इंजिन स्वच्छ पाहिजे, आणि धुताना डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटरवर प्लास्टिक बांधा नाहीतर गाडी स्टार्टच होणार नाही. नंतर सुकल्यावर संशयाच्या जागी थोडी टाल्कम पावडर मारली तर ओघळ लगेच दिसतो. बऱ्याचदा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाचं, पॅकिंगच गेलेलं असतं, ते ऑइल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडलं की जळका वास येतो. नाहीतर ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची रिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, सगळी छोटी कामं. काहीजण सिलिकॉन थापून मोकळे होतात, त्याचे तुकडे आत पडून चेंबरमधली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातली, ऑइलची जाळी तुंबू शकते हे कोणी सांगत नाही.

आणि ब्रीदरचा पाइप, म्हणजे इंजिनच्या आतला गॅस बाहेर काढणारा, तो तर बघतच नाहीत. तो चोंदला की इंजिनच्या आत प्रेशर वाढतं आणि ऑइल सापडेल त्या सीलमधून बाहेर येतं, मग तुम्ही एक सील बदला की दुसरं गळायला लागतं आणि मालकाला वाटतं आता गाडीच संपली.

सरकारने १५ वर्षांवरच्या कारच्या रजिस्ट्रेशन नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० केली, ठीक आहे. पण दरवेळी पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, गाडीखाली वाकून कोणी बघत नाही, आणि रस्त्यावर सांडलेल्या त्याच ऑइलवर पहिल्या पावसात टू-व्हीलरवाले घसरतात. तेव्हा एखाद्या जाणत्या मिस्त्रीला बोलतं करून यावर नीट लेख छापा अशी विनंती.

तोवर ज्यांची गाडी गळतेय त्यांनी डिपस्टिक (ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी) बघत राहा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागेल तेव्हा बघू असं म्हणू नका, ८०० सारख्या गाड्यांत तो दिवा प्रेशरचा असतो, लेव्हलचा नाही, लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंदच करायचं.

– एक वाचक, सांगली