हवेत शोधायचं काय उरलंय?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, हवेच्या रसायनशास्त्रातल्या माझ्या संशोधनाबद्दल तुम्ही फोनवर विचारलंत, "हवेत शोधायचं काय उरलंय?" आणि आई मागून म्हणाली, "धूळ मोजतात, दुसरं काय!" फोनवर समजावताना माझाच धीर सुटतो, म्हणून लिहिते.

आमच्या प्रयोगशाळेत खोलीएवढी पारदर्शक टेफ्लॉनची पिशवी टांगलेली आहे. टेफ्लॉन सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही, म्हणून. तिच्यात शुद्ध हवा भरायची, मग झाडांच्या पानांतून बाहेर पडणारं आयसोप्रीन आणि गाड्यांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं अगदी कणभर सोडायची आणि अतिनील दिवे लावायचे. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. संगणकावर मात्र ओझोनची रेघ चढू लागते आणि थोड्या वेळाने अतिसूक्ष्म कणही मोजणीत येतात. (आई, एवढ्यापुरतं तुझं खरं!) बाबा, ओझोन चांगलाच असं नाही हं. वर असला तर अतिनील किरण अडवतो, जमिनीलगत असला तर फुफ्फुसांना जाच.

हे सगळं घडवतो हायड्रॉक्सिल मूलक: एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन. मूलक म्हणजे जोडी न मिळालेला इलेक्ट्रॉन असलेला, म्हणून दिसेल त्याच्याशी अभिक्रिया करणारा कण. भर उन्हात एका घनसेंटिमीटर हवेत तो साधारण 10 लाखांच्या घरात असतो. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण तेवढ्याच जागेत हवेचे एकूण रेणू म्हणजे 25 वर अठरा शून्यं! शिवाय त्याचं आयुष्य जेमतेम सेकंदभर. तरी मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडचा निकाल मुख्यतः तोच लावतो. इतकं क्षणभंगुर काहीतरी मोजायचं म्हणजे हवा कमी दाबाच्या कक्षात ओढून तिच्यावर लेसर सोडायचा आणि मूलकाने परत टाकलेला अंधुक प्रकाश टिपायचा.

आता "उपयोग काय?" हा तुमचा ठरलेला प्रश्न. मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये विद्यापीठात बसूनच मांडलं होतं की फ्रिजमधले, स्प्रेमधले क्लोरोफ्लुरोकार्बन वर जाऊन ओझोन नष्ट करतील. उत्पादक कंपन्यांनी कडाडून विरोध केला. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट जाहीर झाली आणि 1987 मध्ये ही रसायनं आवरणारा माँट्रियल करार. दोघांना रसायनशास्त्राचं नोबेल 1995 मध्ये, ओझोनवरच काम केलेल्या क्रुटझेन यांच्यासह. माझ्याकडून नोबेलची आशा धरू नका, प्रबंध वेळेत झाला तरी पुष्कळ!

पुढच्या महिन्यात दिवे सोडून खऱ्या उन्हात मोजणी आहे. मूलक दुपारीच भरपूर मिळतात, तेव्हा दुपारी फोन केलात तर उचलणार नाही. रात्री उशिरा करा.

तुमची लेक