सूचना : शनिवारची बैठक आणि ३१ डिसेंबर

वसतिगृहातील सर्व विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता मेसच्या हॉलमध्ये बैठक आहे. रेक्टर आणि विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर येणार आहेत. प्रत्येक खोलीतून किमान एकाने यायचंच.

३१ डिसेंबर जवळ आलाय, म्हणून विषय दारूचा. गेटवर पिशव्या तपासल्या की जबाबदारी संपली, असं विद्यापीठाला वाटत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. रात्री आजारी पडलेल्या मुलाला दवाखान्यात कोण नेणार, गाडी कुठली, हे लेखी हवं. ती मागणी आपण मांडणार आहोत.

तोवर एवढं लक्षात ठेवा :

• महाराष्ट्रात बीअर-वाइनसाठी वय २१, इतर दारूसाठी २५. म्हणजे आपल्यातले बहुतेक जण या नियमात बसतच नाहीत.
• ज्युनियरला बळजबरीने पाजणं ही 'गंमत' नाही. यूजीसीच्या २००९ च्या नियमांखाली ती रॅगिंगची तक्रार होते. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.
• कुणी हाका मारूनही उठत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळसर दिसत असतील तर 'झोपू दे, उतरेल' म्हणू नका. पिणं थांबल्यावरही रक्तातली दारू काही वेळ वाढत राहते. त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, लगेच १०८ ला फोन करा. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ हे आपले घरगुती उपाय इथे चालत नाहीत. उलटी श्वासनलिकेत गेली तर जीव जाऊ शकतो.
• मदतीसाठी फोन करणाऱ्यावर कारवाई नको, हेही रेक्टरांकडून वदवून घ्यायचं आहे.

प्रश्न असतील तर शुक्रवारपर्यंत मेसमधल्या पेटीत टाका, नाव नाही लिहिलं तरी चालेल.

– वसतिगृह विद्यार्थी समिती