रविवारची रोपलागण आणि मसाई पठाराची फेरी

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता केंद्रावर रोपलागण आहे. खुरपं, टोपी आणि पाण्याची बाटली घरूनच आणा. मागच्या वेळी वीस माणसांत चार खुरपी होती, निम्मे लोक नुसतेच सल्ले देत उभे!

बहावा, करंज, पांगारा आणि ताम्हण यांची रोपं तयार आहेत. बहाव्याचं बी फार टणक. उन्हाळ्यात ज्यांनी ते पॉलिश पेपरवर घासून, रात्रभर भिजवून पेरलं, त्यांची रोपं वीतभर झालीत. ज्यांनी तसंच मातीत टोचलं, त्यांच्या पिशव्या अजून रिकाम्याच. ताम्हण आपलं राज्यफूल आहे, पाणथळ कडेला खुशाल वाढतं, म्हणून ते ओढ्याच्या बाजूला लावू. गुलमोहराची मागणी यंदाही आली. तो दिसतो छान, पण आहे मूळचा मादागास्करचा. इथं नको.

गणपती झाल्यावर मसाई पठारावर जायचं आहे, १६६० साली शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले त्याच वाटेवर. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं बघायला मिळतील. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण ती कीटकभक्षी आहे. मुलांना मुद्दाम दाखवा. कातळावर मातीचा थर बोटभरच असतो, त्यामुळं फोटोसाठी फुलांत बसू नका, पायवाट सोडू नका.

नावं शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे पिठलं-भाकरीचा अंदाज येईल.

– केंद्र समिती