पिल्लांच्या दाण्यापाण्याविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कोंबडीची एका दिवसाची पंचवीस पिल्ले घरी आणलीस आणि 'यांना खायला काय घालू?' एवढेच विचारलेस. ते सांगतोच, पण आधी ऊब पाहा. कारण गारठलेले पिल्लू पुढ्यात दाणे असूनही चोच लावत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे, आणि पुढे दर आठवड्याला उबेसाठी वर टांगलेला दिवा थोडा वर घेत ते सुमारे तीन अंशांनी उतरवावे. तापमापी जरूर ठेव, पण माझा अधिक भरवसा पिल्लांवरच आहे: ती दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असली तर थंडी वाजते आहे, आणि चोच उघडी टाकून कडेला पळाली असली तर उकडते आहे.

पिल्लू अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोनेक दिवस तग धरते. त्यामुळे प्रवास करून आलेले पिल्लू भुकेने सहसा दगावत नाही, तहानेने मात्र मलूल होते. म्हणून आधी पाणी दे, तेही कोमट. प्रत्येकाची चोच एकदा हलकेच पाण्यात बुडव, म्हणजे बाकीचे ते आपले आपण शिकते. भांडे उथळ असावे आणि त्यात स्वच्छ खडे टाकावेत, कारण ही जात बोटभर पाण्यातही बुडून मरते.

खाद्य म्हणून पिल्लांचे तयार स्टार्टर घे. अंड्यांसाठी पाळायच्या पिल्लांना त्यात १८ ते २० टक्के प्रथिने लागतात, आणि नुसत्या भरडलेल्या मक्यातून ती मिळत नाहीत. अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबड्यांचे खाद्य घरात असले तरी ते पिल्लांना घालू नकोस: त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, पिल्लांना एक टक्का पुरतो, आणि जास्तीचा भार त्यांच्या मूत्रपिंडावर पडतो. हिरवा पाला किंवा धान्य द्यायचा मोह झालाच, तर सोबत बारीक खडीही ठेव, कारण कोंबडीला दात नसतात आणि दळण पोटातल्या खड्यांवरच चालते. रात्री दोन-चार पिल्ले हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपून पाहा. ती भरलेली आणि मऊ लागली, तर दिवस नीट गेला असे समज.

पहिल्या खेपेस मी शहाणपणाने खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरले होते. त्यावर पाय घसरून तीन पिल्लांचे पाय कायमचे फाकले. तेव्हापासून मी भाताचे तूस किंवा लाकडाचा जाड भुसा घालतो. पाण्याच्या भांड्याभोवतीचे तूस ओले झाले की ते त्याच दिवशी बदल; ओलाव्यात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, आणि विष्ठेत रक्त दिसले तर घरगुती उपाय करीत न बसता पशुवैद्यकाला गाठ. लसींचे वेळापत्रकही त्यांनाच विचार. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बुजली असेल, तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून अलगद काढ. ओढलीस तर कातडी सोलून निघेल.

पाच-सहा आठवड्यांत पिसे भरली की दिव्याची गरज उरत नाही. तोवर वीज गेली तर काय करणार आहेस, ते मात्र उलट टपाली कळव. पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

तुझा,
जुना सोबती